सोलापुरात पाणी शंभराला उकळत नाही

वाघमारे बाईंशी ज्याचं भांडण झालं नाही असा माणूस आमच्या शाळेत शोधून सापडला नसता. शिपायाशी झालं होतं, लिपिकाशी झालं होतं, संस्थेच्या अध्यक्षांशी तर झेंडावंदनाला ध्वजस्तंभाखालीच झालं होतं. माझं झालं ते मी शाळेत भूगोलाचा शिक्षक म्हणून रुजू झालो त्याच आठवड्यात, आणि तेही चहावरून. मधल्या सुट्टीत शिपायानं किटली आणून टेबलावर ठेवली आणि मी आपला सहज म्हणालो, "जरा थांबू या, अजून धूर निघतोय."

"धूर?" कोपऱ्यात पेपर तपासत बसलेल्या बाईंनी मान वर केली. "पेटलाय का काय चहा?"

मी हसून म्हणालो, "वाफ हो बाई, वाफ."

"वाफ तरी कुठं दिसली तुम्हाला? वाफ दिसत न्हाय. या हिकडं. वाका. तोटीच्या अगदी तोंडाशी बघा, तिथं काय दिसतं?"

नवा माणूस, सगळ्या शिक्षकांसमोर किटलीपुढं वाकलो. तोटीच्या तोंडाशी खरंच काही नव्हतं. बोटभर मोकळी जागा, आणि त्याच्यापुढं तो पांढरा लोट सुरू होत होता. "ती मोकळी जागा हाय ना, ती वाफ," बाई म्हणाल्या. "पांढरं दिसतंय ते वाफेचं परत झालेलं पाणी. बारीक थेंब. भूगोल शिकवता ना? मग ढग काय धुराचे करता का?" सगळे हसले, मीही हसलो, पण आतून चांगलाच चिडलो होतो. लहानपणापासून चहा पीत आलो आणि ती बोटभर जागा मला कधी दिसली नव्हती, याचा राग कुणावर काढायचा ते कळेना.

बाई विज्ञानाच्या, मूळच्या वैराग गावच्या. अंगानं किरकोळ, उंची बेताची, पण आवाज असा की दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतून त्या ओरडल्या की फाटकाबाहेरचा पेरूवाला दचकायचा. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, आणि प्रत्येक साडीवर कुठं ना कुठं अ‍ॅसिडची भोकं. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. वर्गात पुस्तकी मराठी बोलायच्या, पण चिडल्या की वैराग बाहेर पडायचं, आणि चिडायच्या त्या दिवसातून बऱ्याचदा. पोरांना मारलं कधीच नाही. कुणी ठोकून उत्तर दिलं की त्या एवढंच विचारायच्या, "डोळ्यानं की कानानं?" म्हणजे हे तू बघितलंस की नुसतं ऐकलंस? पोरगं खाली मान घालून "कानानं" म्हणायचं. "मग आधी डोळ्यानं बघ. मग सांग."

प्रयोगशाळेच्या खिडकीत त्यांनी खोबरेल तेलाची काचेची बाटली ठेवलेली असायची. डिसेंबरातल्या सकाळी ते तेल पांढरंफेक गोठलेलं असे आणि दुपारच्या सत्रापर्यंत कडेकडेनं सुटू लागे. बाईंचा स्थायू आणि द्रवाचा धडा तिथंच सुरू व्हायचा आणि तिथंच संपायचा. एप्रिलमध्ये ती बाटली दाखवून त्या म्हणायच्या, "आता सोलापुरात स्थायू शोधून दाखवा. तूप वितळलं, गूळ वितळला, डांबर वितळलं, होनराव सर तर आधीच वितळलेले." होनराव सर म्हणजे आमचे दुसरे विज्ञान शिक्षक, 'ब' तुकडीचे. स्वभावानं गोड माणूस, कुणाला नाही म्हणायचे नाहीत. "होनराव द्रव हायेत," बाई त्यांच्या तोंडावर सांगायच्या. "ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार." मी एकदा विचारलं, आणि आपले हेडसर? बाईंनी जराही विचार केला नाही. "ते वायू. खोली कितीबी मोठी द्या, सगळी भरून टाकतात. हात घातला तर हाताला काय लागत न्हाय."

त्यांचा आणि होनरावांचा खरा वाद होता तो प्रयोगवहीचा. बाहेरच्यांना हे ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आपल्याकडे शाळेत प्रयोग करायचा म्हणजे आधी उत्तर माहीत असतं, मग त्या उत्तराला शोभतील असे आकडे वहीत भरायचे असतात. याला 'रीडिंग जुळवणं' म्हणतात आणि यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. गुरुजी फळ्यावर आकडे लिहितात, पोरं उतरवून घेतात, परीक्षक सही करतात, सगळ्यांना पैकीच्या पैकी. होनरावांच्या तुकडीतल्या सगळ्या वह्या एका छापाच्या असायच्या, सुबक, शाईनं रेघा मारलेल्या. बाईंच्या तुकडीतल्या वह्या म्हणजे खाडाखोड. एकाचा आकडा एक, दुसऱ्याचा दुसरा, तिसऱ्यानं तापमापी तिरकी बघितली म्हणून त्याचा तिसराच, आणि त्याखाली बाईंचा शेरा: तिरके का बघितलेस? पालक तक्रार घेऊन यायचे. 'ब' तुकडीला वीसपैकी वीस आणि आमच्या पोराला चौदा का? बाई त्यांना खुर्ची द्यायच्या, पाणी द्यायच्या आणि सांगायच्या, "तुमच्या पोरानं चौदाचं काम केलंय. त्या वीसवाल्यांनी कायबी केलेलं न्हाय." पालक हेडसरांकडे जायचे. हेडसर बाईंना बोलावून घ्यायचे. मग दार बंद असूनही सगळ्या मजल्याला ऐकू यायचं.

मला हे तेव्हा थोडं अतीच वाटायचं. पाचसहा गुणांसाठी एवढं रान कशाला उठवायचं? पण एका लग्नात मी त्यांना पाहिलं आणि माझं मत बदललं.

लग्न आमच्याच एका सहकाऱ्याच्या मुलीचं, होटगी रोडच्या एका लॉनवर. हल्ली नवरानवरीची एंट्री ढगांतून होते. त्यासाठी इव्हेंटवाले कोरडा बर्फ आणतात, तो गरम पाण्यात टाकला की सगळीकडे पांढरे लोट पसरतात आणि पायाखालची जमीन दिसेनाशी होते. सनई सुरू झाली, लोट निघाले, मंडळी मोबाइल वर करून उभी राहिली. लहान पोरं त्या लोटांत घुसली. स्टेजच्या बाजूला इव्हेंटवाल्याचं खोकं उघडंच होतं, आणि चारपाच पोरं त्यातले खडे उचलून खेळत होती. एका मुलीनं बर्फाचा गोळा समजून खडा तोंडाकडे नेला.

जेवणाच्या रांगेतून बाई कशा धावल्या ते मला नीट दिसलंच नाही. ताट खाली पडल्याचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ त्यांचा. "टाक! टाक खाली!" त्यांनी मुलीच्या हातावर फटका मारून खडा उडवला, खोक्याचं झाकण आपटलं आणि त्यावर चक्क बसल्या. सनई थांबली. नवरानवरी ढगात अर्ध्या वाटेवर उभी. इव्हेंटवाला पोरगेलासा माणूस धावत आला, "काकू, काय झालं? बर्फ आहे हो तो साधा."

"साधा? हात लाव बघू उघड्या हातानं. बर्फाचं पाणी होतं, ह्याचं पाणी होत न्हाय. हा सरळ वायू होतो. उणे अठ्ठ्याहत्तर अंश हाय हे. पोटात गेलं असतं तर घसा, आतडं, सगळं जाळून फाडून ठेवलं असतं. तुला हे कुणी सांगितलं न्हाय?"

"मालकांनी फक्त पाणी गरम ठेवायला सांगितलंय," तो म्हणाला, आणि मला वाटतं तो खरंच बोलत होता.

नवऱ्याकडची मंडळी चिडली. मुहूर्त टळतोय, अपशकुन होतोय, कोण ही बाई, असं सुरू झालं. मुलीच्या आईला काही कळलंच नव्हतं, ती उलट बाईंवरच ओरडली की माझ्या लेकराला मारलं. बाई खोक्यावरून उठल्या नाहीत. शेवटी एंट्री ढगांशिवाय झाली आणि आम्ही सगळे न जेवता निघालो. गाडीत त्या पुटपुटत होत्या, "त्या पोराची चूक न्हाय. शाळेत त्यानंबी संप्लवन पाठ केलं असणार, स्थायूचा सरळ वायू. व्याख्या सांग म्हटलं तर आत्ताबी धडाधडा सांगंल." त्यानंतर मी वीस आणि चौदाच्या वादात कधी मध्ये बोललो नाही.

आता रेणुकाची गोष्ट सांगतो. बाईंची म्हणून जी काही गोष्ट आहे ती हीच.

रेणुका नववीत होती. शहराच्या पूर्व भागात राहणारी, वडील अंबादास यंत्रमागावर कामाला, घरात तेलुगू. मुलगी अबोल, पण एकदा शंका आली की सोडायची नाही. त्या वर्षी बाईंनी पाणी उकळायचा प्रयोग पोरांना स्वतः करायला लावला. चंबूत पाणी, खाली स्पिरिटचा दिवा, दोन भोकांच्या बुचातून आत सोडलेली तापमापी. मी शेजारच्याच वर्गात होतो, म्हणून गलका ऐकला. पाणी खळखळा उकळत होतं आणि पारा साडेअठ्ठ्याण्णववर जो बसला तो हलेना. पोरांनी दिव्याची वात वाढवली, वहीनं वारा घातला. पारा ढिम्म.

"बाई, तापमापी खराब आहे," रेणुका म्हणाली.

"तपास," बाई म्हणाल्या.

फाटकावरच्या गोळेवाल्याकडून बर्फ आणला. वितळत्या बर्फात तापमापी बरोबर शून्य दाखवू लागली. रेणुका म्हणाली, मग पाणी खराब असेल, नळाचं आहे, जड आहे. बाईंनी स्वतः जाऊन बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं. पुन्हा साडेअठ्ठ्याण्णव. रेणुका दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, मग पुस्तक खराब."

त्या वाक्यानं बाईंना जो आनंद झाला तसा पगारवाढीनंही कधी झाला नसेल. "पुस्तक खराब न्हाय. पुस्तकाचं पुढचं वाच. समुद्रसपाटीच्या दाबाला शंभर, असं लिहिलंय. आपल्या सोलापूरला समुद्र हाय का?" आणि तशाच त्या माझ्या वर्गात घुसल्या. "भूगोल, सोलापूर समुद्रापासून किती वर?"

"साडेचारशे मीटरच्या आसपास," मी म्हणालो.

"ऐकलंस?" त्या दारातूनच ओरडल्या. "वर जाईल तशी हवा विरळ, दाब कमी. दाब कमी की पाणी कमी अंशालाच उकळतं. पण हे तू कानानं ऐकलंस. आता डोळ्यानं कसं बघशील?"

त्या हिवाळ्यात शाळेची सहल महाबळेश्वर करून खाली हरिहरेश्वरला जाणार होती. पोरं स्ट्रॉबेरी खात असताना बाई आणि रेणुका एका चहाच्या टपरीपुढं उभ्या होत्या. बाईंनी टपरीवाल्याला नुसतं पाणी उकळायला लावलं आणि तीच तापमापी आत धरली. साडेपंच्याण्णव. टपरीवाला घाबरला, "म्याडम, तुम्ही अन्न खात्याच्या का?" दुसऱ्या दिवशी समुद्राच्या वाळूत, तिथल्या भजीवाल्याच्या स्टोव्हवर, पारा वर चढत चढत शंभराच्या रेघेला जाऊन टेकला. रेणुका तिथंच वाळूत बसली. मी तिथं होतो. ती पोरगी समुद्राकडे पाहायचं सोडून तापमापीकडे पाहत होती, आणि बाई तिच्याकडे.

त्यातून रेणुकाचा विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प झाला. मोठ्या कागदावर तिनं हातानं तीन गावं काढली, प्रत्येकाची उंची आणि प्रत्येकाचा आकडा, आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: आपल्या सोलापुरात पाणी साडेअठ्ठ्याण्णवला उकळते, कारण आपण वर राहतो. शहर पातळीवर निवड झाली. परीक्षकांचा शेरा मात्र असा आला: सादरीकरण उत्तम, आकडे दुरुस्त करावेत.

हेडसरांनी बाईंना बोलावलं. मी वेळापत्रकाच्या कामासाठी तिथंच बसलो होतो. हेडसर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, मॉडेल झकास आहे. जिल्ह्याला नंबर येणार. फक्त तो आकडा तेवढा शंभर करा."

"कुठला आकडा?"

"तिन्ही."

बाईंनी चष्म्याची दोऱ्यानं बांधलेली काडी सारखी केली. मग म्हणाल्या, "सर, तिन्ही शंभर केले तर प्रकल्पात राहिलं काय?"

"मुलीचा आत्मविश्वास," हेडसर म्हणाले. शपथेवर सांगतो, हेच म्हणाले. "आणि शाळेचं नाव. परीक्षक पुस्तकाबाहेरचं उत्तर मानत नाहीत. त्या लेकराचं राज्यस्तराला जायचं तुम्ही हट्टापायी घालवणार का?"

"त्या लेकरानं जे बघितलंय ते मी पुसायचं? आणि ते तिच्याच हातानं?" बाई उठल्या. "मी करणार न्हाय. तुम्ही करून दाखवा."

बाईंच्या तोंडून हे रागात गेलं. हेडसरांनी ते शब्दशः घेतलं.

जिल्हा प्रदर्शनाच्या सकाळी आम्ही हॉलमध्ये पोहोचलो तेव्हा आमच्या शाळेच्या टेबलामागं चकचकीत फ्लेक्स लागलेला होता. संस्थेचं बोधचिन्ह, अध्यक्षांचा फोटो, आणि खाली रंगीत चौकटी: सोलापूर शंभर, महाबळेश्वर शंभर, हरिहरेश्वर शंभर. निष्कर्ष: पाणी सर्वत्र शंभर अंशालाच उकळते. सादरकर्ती म्हणून रेणुकाचं नाव, मार्गदर्शक म्हणून बाईंचं. रेणुकाचा हातानं काढलेला तक्ता कुठंच नव्हता. मी आयुष्यात बऱ्याच मूर्खपणाच्या गोष्टी पाहिल्या आहेत, पण पोरीनं डोंगरावर आणि समुद्रावर जाऊन केलेल्या कामाची अशी वाट लावून त्याला गुळगुळीत छपाई करणारा मूर्खपणा दुसरा पाहिला नाही. बाई त्या फ्लेक्सपुढं उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता फाडतात.

पण टेबलाशी रेणुका उभी होती, नवा गणवेश, दोन वेण्या, लाल रिबिनी. आणि मागं तिचे वडील, कामाला सुट्टी टाकून आलेले, सोबत आई आणि आजी. अंबादास हात जोडून पुढं आले. "बाई, हेडसर घरला आल्ते. तुमचं खरंच आसंल, मी शिकल्याला माणूस न्हाय. पर साहेब लोक शंभर म्हन्तेत तर म्हनू द्या की. पोरीचं काय जातंय?"

बाई त्या माणसावर रागावल्या नाहीत. फ्लेक्सही फाडला नाही. त्यांनी पिशवीतून दिवा काढला, चंबू मांडला, पाणी भरलं, तापमापी अडकवली आणि काडी ओढली. मग रेणुकापुढं वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "फ्लेक्सला काय बोलायचं ते बोलू दे. साहेब आले की तू तापमापीकडं बघ. दिसंल ते सांग. एवढंच."

रेणुकानं मान हलवली.

परीक्षक आले तेव्हा पाणी खळखळा उकळत होतं. तिघेजण होते, पण बोलणारा एकच, शिक्षण खात्यातला मोठा अधिकारी. त्यानं फ्लेक्सवर नजर टाकली, मान डोलावली. "छान. बाळ, सांग बघू, पाणी किती अंशाला उकळतं?"

रेणुकानं तापमापीकडं पाहिलं. मी तिच्या शेजारीच उभा होतो, पारा मलाही दिसत होता. साडेअठ्ठ्याण्णव. तिनं बाईंकडं पाहिलं. मग वडिलांकडं. अंबादासांनी ओठ न हलवता मान होकारार्थी हलवली, आणि त्यांच्यामागं उभ्या हेडसरांनीही.

"शंभर, सर," रेणुका म्हणाली.

"शाबास," म्हणून साहेबांनी कागदावर खूण केली आणि वळले.

"सर," बाई म्हणाल्या, "जरा वाकून बघा की."

"काय?"

"तापमापी. तुमच्यासमोर उकळतंय पाणी. वाकून आकडा तेवढा बघा."

साहेब हसले. "बाई, अजून पुष्कळ मॉडेल बघायची आहेत. वेळ नाही."

"वाकायला किती वेळ लागतो, सर?"

त्यांनी हेडसरांकडं पाहिलं, हेडसरांनी डोळ्यांनीच माफी मागितली, आणि तिघेही पुढच्या टेबलाकडं निघून गेले. तिथं बाजारातून विकत आणलेला ज्वालामुखी फेस ओकत होता, त्यापुढं ते बराच वेळ थांबले. हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात. आमच्या साहेबांना काकणच नको होतं. बाईंनी दिव्यावर टोपण ठेवलं. पाणी शांत झालं. रेणुका फ्लेक्सकडं तोंड करून उभी होती.

तिसरा नंबर आला. राज्यस्तराला पहिलेच दोन गेले, म्हणजे ज्यासाठी हे सगळं केलं तेही मिळालं नाही. प्रमाणपत्र मिळालं, एक ढाल मिळाली, शिक्षकांच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. परत येताना रिक्षात बाई आणि मी. मला वाटलं होतं त्या हेडसरांना, साहेबांना, सगळ्या खात्याला शिव्या घालतील. त्या बाहेर बघत बसल्या. मग म्हणाल्या, "पोरीनं खोटं सांगितलं त्याचं मला एवढं न्हाय वाटत. बाप समोर उभा होता, काय करंल ती? पण खोटं बोलल्यावर शाबास मिळाली हो. वर बक्षीस मिळालं. आता मी कुठल्या तोंडानं तिला सांगू, डोळ्यानं बघ म्हणून? डोळ्यानं बघितलं होतं की तिनं." मग रागानं नाही, अगदी थकून त्या म्हणाल्या, "तेहतीस वर्षं घसा फोडला, आणि एका दिवसात धुतलं ह्यांनी."

त्यानंतर रेणुका वर्गात बोलेनाशी झाली. पहिल्या बाकावरची पोरगी मागं जाऊन बसायला लागली. बाईही तिला काही विचारायच्या नाहीत. हेडसरांनी मात्र तो फ्लेक्स शाळेच्या दर्शनी भिंतीवर टांगला, सूचनाफलकाच्या वर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. बाई त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, फ्लेक्स ठेवा, पण माझं नाव काढा. हेडसरांना तो विनय वाटला. "बाई, तुमचं मार्गदर्शन नाकारून कसं चालेल?" असं म्हणून त्यांनी चहा मागवला. बाईंनी आणखी दोनतीनदा सांगितलं. मी सांगितलं. हेडसर प्रत्येक वेळी हो हो म्हणाले, आणि हाताला काही लागलं नाही. फ्लेक्स तिथंच राहिला, आणि शाळेतलं प्रत्येक पोर रोज त्याच्याखालून आत येत राहिलं.

एप्रिलअखेर बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. हेडसरांनी बाईंच्या कारकिर्दीतल्या यशांत जिल्हा प्रदर्शनाच्या ढालीचा खास उल्लेख केला आणि टाळ्या झाल्या. बाईंना चार शब्द बोलायला सांगितलं तेव्हा त्या उभ्या राहिल्या, "जेवून जा सगळे," म्हणाल्या आणि बसल्या. त्यांचं तेवढं लहान भाषण ऐकून होनराव सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मंडळी जेवायला बसली होती. मी हात धुवायला खाली आलो तर दर्शनी भिंतीशी बाई स्टुलावर उभ्या. अंगावर निरोपाची शाल तशीच, पदर खोचलेला. एका हातात रंगाऱ्यानं वापरतात त्या थिनरची बाटली, दुसऱ्यात चिंधी. फ्लेक्सवरच्या स्वतःच्या नावावर त्या चिंधी घासत होत्या. शाई विरघळून ओघळत होती आणि खालचं पांढरं प्लास्टिक उघडं पडत होतं. पोर्चभर थिनरचा वास सुटला होता. स्टूल डुगडुगत होतं, म्हणून मी धरायला पुढं झालो, पण त्याआधीच कुणीतरी ते धरलं होतं. रेणुका होती.

ती कधी आली ते बाईंना कळलं नव्हतं. नाव पुसून झालं, त्या उतरायला वळल्या, तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. मग रेणुका वर बघत म्हणाली, "बाई, माझं पण पुसा."

बाई स्टुलावरून उतरल्या. चष्मा सारखा केला. चिंधीवर पुन्हा थिनर ओतलं आणि ती रेणुकाच्या हातात दिली.

"तुझं तू पुस," त्या म्हणाल्या, आणि खाली वाकून त्यांनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.